लॉनमधली वाट

फुकटात कोणी कोणाचं अंगण सावरत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ऑगस्टच्या शेवटी शेजारचा ड्वेन दारात येऊन, "वर्ना, तुझं लॉन मी नीट करून देतो, मला काही नको," म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याची बायको अर्मा जूनपासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. मीच तेव्हा भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं त्याच्या हाती देऊन आले होते. ती तशी पडलेली असताना याला माझं लॉन सुचतं?

हॉलिस, माझा नवरा, गेल्यापासून मी लॉनकडे फिरकले नव्हते हे खरं. गुडघाभर तण, मधे टक्कल. आमच्या रस्त्यावर असं लॉन म्हणजे बिनआंघोळीचं चर्चमध्ये जाणं. तोंडावर कोणी बोलत नाही इतकंच. पण ड्वेनचा मुलगा क्रेग घरं विकण्याच्या धंद्यात. त्याचा माझ्या घरावर डोळा असणार, दुसरं काय! हॉलिसने स्वतः बांधलेल्या या घरातून मी चौघांच्या खांद्यावरच निघणार होते.

तरी हो म्हटलं. डाव तरी कळेल.

त्याने आधी औषध फवारलं. बघता बघता सगळं पिवळं पडून मेलं. मी तरातरा बाहेर गेले.

"होतं तेही मारलंस की रे!"

"तणच होतं ते. जुनं मेल्याशिवाय नवं धरत नाही."

"हे मला उद्देशून बोलतोयस का?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

मग यंत्राने जमिनीत भोकं पाडली. लॉनभर मातीच्या लेंड्या! त्याची पाठ वळताच मी सगळ्या बादलीत भरल्या. ड्वेनने कपाळावर हात मारला. "अगं बाई, त्या तिथेच विरघळायच्या असतात!" मुकाट्याने परत पसरल्या. त्याने बी पेरलं, वर पेंढा टाकला, कडेने खुंट्या ठोकून दोरी बांधली.

"गवत धरेपर्यंत आत पाय ठेवायचा नाही."

खुंट्या आणि दोरी! विकायच्या जमिनीची मापं अशीच घेतात. मी रोज संध्याकाळी दोरी ओलांडून जायचे, त्यांच्या खिडकीशेजारी भिंतीला चिकटून कान द्यायचे. क्रेगशी फोनवर काय शिजतंय? ऐकू यायचा तो टीव्ही.

ऑक्टोबरात गवत आलं. दाट, कोवळं, हॉलिसच्या वेळी होतं त्याहून छान. पण मधून एक उघडी वाट राहिली होती, माझ्या दारापासून थेट त्यांच्या खिडकीपर्यंत. अख्ख्या रस्त्याला दिसेल अशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ड्वेनने वाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अर्मा बोलावतेय तुला," एवढंच म्हणाला.

तिचा पलंग त्याच खिडकीशी होता. तिथून माझं लॉन सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. ड्वेनचा डाव तो एवढाच.

अर्मा अडखळत बोलायला लागली. "रोज यायचीस तू. दोरी ओलांडताना दिसलीस की मी ड्वेनला म्हणायचे, माझे केस विंचर, वर्ना येतेय." तिला दम लागला. "मग दार वाजायचंच नाही."

आजही तिचे केस नीट विंचरलेले होते.