तळहातावरच्या टाचण्या

"भेटलात कुठे?" मी विचारलं.

टेलरकाकांनी मावशींकडे पाहिलं, मावशींनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. दोघंही साठीच्या पुढचे, पण लाजणं विशीतलं.

"वॉर्डात," शेवटी मावशी म्हणाल्या. "यांच्या मिसेसच्या खाटेपाशी."

मी लग्नं लावते. सही-शिक्का आधीच कचेरीत झालेला असतो. माझ्याकडे लोक येतात ते आपली गोष्ट चारचौघांत कोणीतरी धड सांगावी म्हणून. खोटं सांगायचं नाही, हा माझा एकच नियम, आणि त्याची मला जरा घमेंडही होती.

मावशी हॉस्पिटलात आया होत्या. उभा जन्म दुसऱ्यांच्या चादरी बदलण्यात गेला. डॉक्टरपासून पेशंटपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत, टेलरकाकासुद्धा.

"आता तरी मावशी म्हणू नका," मी म्हटलं.

"जीभच वळत नाही हो," काका म्हणाले.

मावशी हसल्या आणि मोकळ्या झाल्या. "हे कायम तोंडात टाचण्या धरून बोलतात. समोरच्याला ओ की ठो कळत नाही. यांच्या मिसेसनी मला शिकवलं, हनुवटीखाली नुसता हात धरायचा. टाचण्या हातात पडतात, मग बोलणं बाहेर येतं. म्हणाल्या, 'मी गेल्यावर यांचं कोण ऐकणार, मावशी?'"

मला हवी होती ती हीच गोष्ट. पण काकांचा चेहरा उतरला.

"ते नाही घालता येणार. मुलगी म्हणते, येईन, पण आईचा विषय निघाला तर तिथनं उठून जाईन. एकुलती एक आहे हो. ती नाही आली तर..."

मावशींनी ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "गाळा ते. सांगा, बाही उसवली म्हणून मी दुकानात गेले आणि ओळख झाली. पोरगी यायला हवी."

"आणि तुम्हाला चालेल?"

"आम्हाला सवय असते. पेशंट गेला की चादर बदलायची, खाट पुसायची. कोण होतं ते बोलायचं नाही."

मी मान डोलावली. माझा नियम असा मोडला.

लग्नाच्या दिवशी मुलगी आली. पहिल्या रांगेत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी बोलायला उभी राहणार, तोच मावशींच्या पायघोळ झग्याची खालची दुमड एका बाजूने सुटली. झगा काकांनीच शिवलेला. ते लगेच गुडघ्यांवर बसले, ओठांत टाचण्या.

"काका, सुरू करू या?"

ते काहीतरी पुटपुटले. मावशींचा तळहात नकळत त्यांच्या हनुवटीखाली गेला. टाचण्या हातात पडल्या.

"करा," काका म्हणाले.

मुलगी उठली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती दाराकडे गेली नाही, मावशींसमोर येऊन उभी राहिली.

"हे आईने शिकवलं तुम्हाला?"

तो विषय काढायचा नाही, असं मावशींनीच ठरवलं होतं. त्या बोलल्या नाहीत, डोळे मात्र भरून आले.

मुलीने हात पुढे केला. "द्या इकडे."

मावशींनी सगळ्या टाचण्या तिच्या हातात ओतल्या. मूठ मिटून ती जागेवर जाऊन बसली.

मग मी उसवलेल्या बाहीची गोष्ट सांगितली. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. इतकी वर्षं लग्नं लावली, पण स्वतःच्या आवाजाची लाज त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. मुलीने एकदाही मान वर केली नाही.

सगळं आटोपल्यावर ती वडिलांपाशी आली. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. एक मूठ उघडेना.

"टोचतील गं," ते म्हणाले.

"टोचू देत."

मूठ तशीच धरून ती जिना उतरून गेली.

काका बराच वेळ जिन्याकडे बघत राहिले. मग वळले, मावशींच्या झग्यापाशी वाकले आणि सवयीने टाचण्यांसाठी खिसा चाचपू लागले.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. सुटलेली दुमड एका हाताने उचलून धरत त्या पाहुण्यांना भेटायला पुढे झाल्या.