चोविसाव्या मात्रेला

वैशाखरे गावच्या देवळापुढे सराव चालू असताना ढोलवाल्यांच्या म्होरक्या देवजीने हात वर करून ढोल थांबवले आणि जमलेल्या सगळ्या गावासमोर म्हणाला, "पोरींना ताल नाय. ठोका एकीकडं, त्या एकीकडं."

पूजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जत्रेच्या मिरवणुकीसाठी मुलींचं लेझीम पथक तिनेच उभं केलं होतं. सकाळी मुरबाडला कॉलेज, घरी आल्यावर भाकऱ्या, मग सराव. मुलींनी स्वतः बसवलेला डाव सहा मात्रांचा होता: पाच पावलं फिरत टाकायची, सहाव्याला वाकायचं. देवजीच्या ढोलांची चाल आठाची, आठव्या मात्रेवर मोठा ठोका. वाकणं ठोक्यावर पडत नव्हतं, एवढाच काय तो गुन्हा.

"दोन पावलं वाढवा," देवजी म्हणाला. "नायतर साड्या नेसून ढोलामागं नुसत्या चाला."

"काका, तुमीच दोन कमी करा की."

लोक हसले. "ढोल पोरींच्या मागं जात नाय गो," असं म्हणून देवजीने तंबाखू मळायला घेतली.

घरी जाताना तिची चुलत बहीण भाविका म्हणाली, "जाऊ दे ना. करू आठाचं."

"का करायचं?" पूजा तिच्यावरही खेकसली. चार पावलं जाऊन मात्र थांबली. "सहाचं नि आठाचं कुठंतरी एकत्र येतच असणार."

"सहा आठे अठ्ठेचाळीस," भाविका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेमागे त्यांनी पत्र्याच्या डब्यावर देवजीची चाल वाजवून पाहिली. अठ्ठेचाळिसाव्या मात्रेला उडी मारून लेझीम डोक्यावर न्यायची, असं ठरलं. पण अर्ध्यातच वाकणं आणि ठोका एकदम पडले. मुली दचकल्या, पावलं विस्कटली. पूजाने डबा लाथेने उडवला आणि तशीच धुमसत मातीत बसली. काडीने दोन ओळी लिहिल्या. सहा, बारा, अठरा, चोवीस. आठ, सोळा, चोवीस.

"गुणाकार नाय गो, लसावि," ती म्हणाली. "दोन्ही पाढ्यांत पहिल्यांदा येणारा आकडा. अठ्ठेचाळिसाला ते भेटतात ते दुसऱ्यांदा. आपली चार वाकणी, त्यांचे तीन ठोके. चौथ्या वाकण्याच्या जागी उडी."

जत्रेच्या दिवशी देवजीने मुलींना मागेच उभं केलं होतं. पूजाने कुणाला विचारलं नाही. पालखी देवळाबाहेर आली तशी सगळ्यांना घेऊन ती ढोलांच्या पुढे जाऊन उभी राहिली. देवजीने डोळे वटारले, पण पालखी निघाली होती, वाजवणं भाग होतं.

पहिलं वाकणं ठोका सोडून पडलं. कडेला कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसरं, तिसरंही तसंच. पूजाचे दात आवळलेले होते. मग तिसरा मोठा ठोका पडला आणि त्याच क्षणी साऱ्या लेझिमा छनकन डोक्यावर गेल्या. हसणं थांबलं. पुढच्या वेळी लोक त्या क्षणाची वाट पाहत होते, आणि त्याच्या पुढच्या वेळी टाळ्या पडल्या.

पालखी टेकल्यावर देवजी सरपंचांना सांगत होता, "पोरी घसरत होत्या, ढोलानं सांभाळून घेतलं."

पूजा समोर जाऊन उभी राहिली. "काका, तुमी एक ठोका हलवला नाय. ते आमी बसवलं होतं."

"बरं गो, सगल्यांनी मिळून केलं. जत्रेत भांडू नको."

"ताल नाय, हे लोकांसमोर बोललात. लोकांसमोरच परत घ्या."

देवजी सरपंचांकडे पाहून हसला आणि ढोलाच्या दोऱ्या ओढत बसला. पूजा मुलींना घेऊन निघून गेली.

पुढच्या आठवड्यात शेणव्याच्या जत्रेचं बोलावणं आलं, ढोल आणि लेझीम दोघांनाही. पूजाने निरोप पाठवला, लेझीम येईल, पण ढोल शेणव्याचेच हवेत. तिकडच्यांनी ते मान्य केलं. देवजी मग तिच्या वडिलांकडे येऊन बसला, चहा प्यायला, पोरीला समजवा म्हणाला.

पूजा दारात आली. "समजलंय मला," ती म्हणाली, आणि लेझीम घेऊन सरावाला गेली.