आत्याचा ठेंगू

मित्रांनो, मी एक म्हातारा टेरियर कुत्रा आहे. उंचीने माणसाच्या गुडघ्याएवढाही नाही, म्हणून घरात माझं नाव ठेंगू. माझ्या वाडवडिलांना माणसांनी बिळात घुसून घुशी पकडण्यासाठी पाळलं होतं. एकदा दातात धरलं की सोडायचं नाही, हे आमच्या रक्तातच आहे. मला मात्र घुशींसाठी नव्हे, तर एका लहान मुलीच्या हट्टापायी आणलं गेलं.

घर एका बसचालकाचं होतं. तो, त्याची बायको, त्यांची मुलगी आणि त्याची थोरली बहीण. या बहिणीला आम्ही सगळे आत्याच म्हणायचो. आल्याआल्या मी गादी फाडली, कुंड्या उकरल्या आणि बसचालकाचा कामावरचा बूट कुरतडून ठेवला. मुलीची हौस तेवढ्यातच फिटली.

"घर डोक्यावर घेतलंय यानं. परत देऊन येतो," बसचालक म्हणाला.

"देऊन तर बघ," आत्या म्हणाली. "हाताला काम नाही म्हणून उच्छाद मांडतोय तो. सुट्टीच्या दिवशी तू काय वेगळं करतोस?"

तेव्हापासून मी आत्याचा झालो. सकाळ-संध्याकाळ ती मला तळ्याकाठी नेई. चिंध्यांचा बोळा वाळूत पुरून ठेवी आणि मी तो उकरून आणेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राही. मी कधी हटून बसलो, तर तीही जागची हलत नसे. बहुतेक वेळा तीच जिंकायची. दमून घरी आलो की मी शहाण्यासारखा तिच्या पायाशी झोपे. ती वर्षं फार चांगली गेली.

मग एका दुपारी आत्या स्वयंपाकघरात कोसळली. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. रुग्णवाहिकेतून दोन अनोळखी माणसं आली. त्यांनी तिला स्ट्रेचरवर घातलं आणि उचललं. मला वाटलं, हे तिला पळवून नेताहेत. मी पुढच्या माणसाची पोटरी धरली. आणि सोडली नाही.

त्यांना स्ट्रेचर खाली ठेवावं लागलं. मला ओढून काढण्यात, त्याची जखम बांधण्यात वेळ गेला. आत्या दवाखान्यात जिवंत पोचली नाही.

बसचालकाने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मागच्या अंगणात खुंटा ठोकला, मला साखळीने बांधलं आणि पुन्हा माझं नाव घेतलं नाही. त्याची बायको लांबूनच खाण्याचं भांडं सरकवून निघून जाई. मुलगी एकदा खिडकीत आली, "तुझ्यामुळे गेली ती," एवढंच म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

मी खुंट्याभोवती धावत राहिलो. तिथलं गवत गेलं, मग माती उडून दगड वर आले. भुंकून भुंकून घसा बसला. हळूहळू मी धावणं सोडलं. मुलगी मोठी झाली, शिकायला दूर गेली.

परवा बसचालक अंगणात आला. आता तोही निवृत्त झालाय. माझ्याजवळ जमिनीवरच बसला.

"ठेंगू, डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला. "तिच्या मेंदूतली नस फुटली होती. लगेच नेलं असतं तरी ती वाचली नसती." त्याने माझी साखळी हातात घेतली. "पण मला कुणावर तरी राग काढायचा होता. तू समोर होतास."

त्याने साखळी सोडली, फाटक उघडलं. "चल, तळ्यावर जाऊ."

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो. तिथे मागचे पाय लटपटले आणि मी खाली बसलो. त्याने मला उचलून परत आणलं. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मित्रांनो, माझ्यासारखं जनावर घरी आणायचं असेल, तर आधी स्वतःच्या पायांना विचारा, रोज याच्यासोबत धावाल का? त्याला जीव लावणारं माणूस गेलं, तर त्याला वाऱ्यावर सोडू नका. तो चुकेलही. तेव्हा रागवा, ओरडा, पण मग जवळ घ्या. आमचं आयुष्य फार छोटं असतं. तुमचा राग ओसरेपर्यंत ते संपून जातं.