कपाटातला बल्ब

एकाच धक्क्यात दोघांच्या लेन्स आपटल्या, आणि तिथूनच करुणाकरनच्या पोटात दुखायला लागलं.

गेल्या हंगामात अंगात देव आलेलं तेय्यमचं सोंग पेटते पलिते घेऊन धावून आलं, माणसं मागे रेटली गेली, आणि पय्यन्नूरचे दोन फोटोग्राफर, करुणाकरन आणि पवित्रन, देवीच्या कावातल्या, म्हणजे देवराईतल्या, जांभ्याच्या कठड्यावर सामानासकट आदळले. पवित्रनच्या लेन्सचा विमा होता. त्याला कोरी करकरीत लेन्स आली. करुणाकरनची कोळिक्कोडच्या कारागिराने उघडून पाहिली.

"दुरुस्त होईल, पण फट राहील. पावसाळ्यात बुरशी धरेल," तो म्हणाला. "नवीच घ्या आणि त्याच दिवशी विमा उतरवा. हिचा आता कुणी उतरवणार नाही."

"अहो, मग घ्या ना नवी," घरी श्यामळा म्हणाली. "पवित्रनने बघा कसं..."

"पवित्रन, पवित्रन! त्याच्याशीच लग्न करायचं होतंस!"

नवी घ्यायची म्हणजे त्या पोराचं शहाणपण कबूल करायचं. कॅमेरा धरायला ज्याला आपण शिकवलं, त्याचं! करुणाकरनने दुरुस्तीच केली.

खरं दुखणं वेगळं होतं. पाऊस सरल्यावर, येत्या तुलाम महिन्यात, कावात बारा वर्षांनी तेय्यमचा मोठा उत्सव, कळियाट्टम, होता. भगवतीचं सोंग घेणाऱ्याच्या डोक्यावर मुकुट चढतो आणि तो देवीच होतो, तेव्हा आतल्या अंगणात एकच फोटोग्राफर जातो. मागच्या वेळी करुणाकरन गेला होता, त्याने काढलेला फोटो गावात घराघरांत टांगलेला आहे. यंदा कोण, ते कमिटी ठरवणार होती, आणि कमिटीची नजर नव्या लेन्सवर होती.

कर्कटकाच्या महिन्यात ना लग्नं, ना तेय्यम, नुसता पाऊस. अशा पावसात पवित्रन छत्री घेऊन दारात आला. करुणाकरनला तो थोरल्या भावासारखा 'करुणेट्टा' म्हणायचा.

"करुणेट्टा, तुमची लेन्स माझ्या कपाटात ठेवा. आत बल्ब लावलाय. ऊब राहते, बुरशी लागत नाही."

वर आणि उपकारही हाच करणार! तरी करुणाकरन गेला. पवित्रन चहाचं सांगायला आत वळला. कपाटात पिवळ्या उजेडात ती नवी लेन्स मऊ फडक्यावर पडली होती, लाडावलेल्या जावयासारखी. करुणाकरनने आपली तिला अगदी खेटून ठेवली. मग त्याचा हात वर गेला आणि बल्ब जरासा फिरवला. बल्ब विझला. तेय्यमच्या लेन्सचं कपाट तुलामापर्यंत कोण उघडतो? दार लावून तो चहाला बसला. चहा फक्कड झाला होता, त्याचाही त्याला राग आला.

पाऊस सरला आणि कमिटीने पवित्रनचं नाव घेतलं. 'काढ म्हणावं आता धुक्यातली देवी,' करुणाकरन मनात म्हणाला आणि त्याला गाढ झोप लागली.

सकाळी पवित्रन दोन्ही लेन्स घेऊन आला. चेहरा पार उतरलेला. दोन्ही काचांत पांढरी तंतूंची जाळी धरली होती.

"मी कमिटीला सांगून आलो होतो, आत करुणेट्टाच जाणार, माझी लेन्स घेऊन. म्हणून कपाट उघडलं, तर बल्ब बंद! मी गाढव, एकदाही बघितलं नाही. विमेवाले बुरशीचं काही देत नाहीत. पण माझं जाऊ द्या हो, तुमची लेन्स माझ्या भरवशावर होती. मला माफ करा."

करुणाकरन आपली लेन्स घेऊन उलटसुलट बघत राहिला. श्यामळाने पदराने डोळे टिपले. "असं काय करता? माफ करा त्याला."

"जाऊ दे," करुणाकरन म्हणाला. "होतं असं."

कळियाट्टमला आत तिसराच कुणीतरी गेला. मुकुट चढला, चेंडा-ढोल कडाडले, आणि हे दोघं कुंपणाबाहेरच्या गर्दीत टाचा उंचावत राहिले. नंतर भगवती एकेकाचा हात हातात घेऊन विचारपूस करू लागली. पवित्रन पुढे होता.

"आई, करुणेट्टांची लेन्स माझ्यामुळे गेली. त्यांना नवी मिळू दे."

करुणाकरनच्या अंगाचा तिळपापड झाला. लेन्स त्याची नवी, नाव त्याचं, आणि आता देवीपुढे चांगुलपणाही त्याचाच! आपल्या वाट्याला काय ठेवलं ह्याने?

मग भगवतीने करुणाकरनचा हात धरला. "तुझं काय दुःख आहे, बाळा?"

बाजूला पवित्रन हात जोडून उभा होता.

"काही नाही," करुणाकरन म्हणाला.

पण भगवतीने त्याचा हात लगेच सोडला नाही.