चौथा खांब

मित्रांनो, मी एक जुना, जाड कागद आहे. माझ्यावर रोममधल्या एका पडक्या देवळाचे जलरंगातले चित्र आहे. रेमीजिओ या वास्तुरचनाकाराने ते काढले. त्याच्या शेवटच्या साध्या दिवशी मी नेहमीसारखा त्याच्या खुर्चीसमोर टांगलेला होतो. त्याची मुलगी ओर्सोला कोवळ्या शेंगा सोलत होती. तो त्या शेंगा मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर खात होता.

“पडदा ओढ गं,” तो म्हणाला. “तो चौथा खांब आधीच फिका आहे, उन्हाने उडेल.”

“उडू दे की. चूकच ना ती?”

“वेडी. चित्र लावलंय ते त्याच्यासाठीच.”

तिने उठून पडदा ओढला. तो असे का म्हणाला, ते मला ठाऊक होते.

पन्नास वर्षांपूर्वी रेमीजिओने मला भिजवून फळीवर ताणले होते. शिडीवर चढून दगडन् दगड मोजला होता. वास्तुरचनाकारांचा नियमच होता, उभे आहे तेवढेच काढायचे. देवळाचे तीन खांब उभे होते, चौथ्याचे नुसते जोते. आठ वर्षांच्या ओर्सोलाला त्या जोत्याची दया आली. दुपारी वडील झोपले असताना तिने त्यावर पेन्सिलीने खांब उभा केला. उठल्यावर रेमीजिओने चष्म्याशिवायच त्यावरही दगडी रंगाचा हात फिरवला. रंग वाळला, की खालची पेन्सिल खोडता येत नाही.

त्याने मला प्रदर्शनाला धाडले, पण परीक्षकांनी परत पाठवले. नसलेला खांब काढणाऱ्याच्या मापांवर भरवसा कसा ठेवायचा, असे ते म्हणाले. घरी रेमीजिओ एवढेच म्हणाला, की चूक त्याचीच, डोळे अधू झालेत. खांब आपण काढला, हे ओर्सोलाने त्याला कधीच सांगितले नाही. पुढे पाहुणे त्याला चिडवत, “देऊळ दुरुस्त केलंस वाटतं?” तो म्हणे, “भाडेकरू असला तर सांगा.”

त्या शेंगांच्या दुसऱ्या दिवशी तो झोपेतून उठलाच नाही.

आठवड्याने ओर्सोलाने पुसायला मला खाली घेतले, उलटे केले. मोजणारा कोण, काढणारा कोण, हे वास्तुरचनाकार चित्राच्या मागे लिहितात. तिथे मी परीक्षकांकडून परत आलो त्या दिवसाची तारीख होती. खाली त्याचे अक्षर: ‘मोजणी रेमीजिओ. रेखाटन रेमीजिओ आणि ओर्सोला.’

मित्रांनो, कागदाला उन्हापासून जपा. मला जपले गेले, म्हणून तो खांब अजून दिसतो. आणि कुणाचे आभार मानायचे असतील, तर ते माणूस समोर बसलेले असतानाच माना.

ओर्सोलाने मला पुन्हा भिंतीवर लावले, पडदा ओढला आणि रिकाम्या खुर्चीकडे वळली.

“बाबा, तो खांब मी काढला होता. तुम्ही माझं नाव घातलंत. खूप बरं वाटलं, बाबा.”