कुंकवाची रेघ

मी विळी बोलतेय. देवासच्या मालनताईंनी मला लाल खणात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं होतं, लेकीबरोबर धारला सासरी जायला. महिनाभर अंधार, अंगावर शालूंचं ओझं आणि पोटात एक गुपित. सांगायला तोंड नाही.

माझं पातं ट्रकच्या जुन्या कमानपट्टीचं. धीरज लोहार लालबुंद पातं बुडवायचं पाणी सकाळपासून उन्हात ठेवतो. पाणी फार गरम असलं तर पातं मऊ राहतं; फार गार असलं तर दचकून तडकतं. कोमटच हवं.

पण मालनताईंचे सोळा सोमवार फळले होते, शिखाचं लग्न ठरलं होतं. तिच्या विळीला नर्मदेचंच पाणी पाजायचं, असं त्यांनी मनात धरलं. नेमावरहून कॅन भरून आणली आणि नर्मदामाईला ऊन लागू नये म्हणून चार दिवस फ्रिजमध्ये ठेवली.

"काकू, पाणी एकदम बर्फ आहे. थोडं धूप में रहने दो," धीरज म्हणाला.

"माईचं पाणी आहे रे. त्यानं काय वाईट व्हायचंय?"

त्यानं मला बुडवलं. टिक् झालं. मी ऐकलं, त्यानंही ऐकलं. ताई डोळे मिटून जप करत होत्या. त्यानं मला तशीच धार लावून दिली.

तेव्हापासून ती चीर माझ्यात कोंडलेली. वरून मी चकचकीत. पण पहिल्याच भोपळ्याला तुकडा उडणार, आणि समोर शिखाचा चेहरा असणार. खणात मला दुसरं काही दिसत नसे.

पाठवणीच्या सकाळी ताईंनी मला पाटावर ठेवून ओलं कुंकू लावलं. ओघळ आला म्हणून पदरानं पुसला. सगळं निघालं, केसाएवढी लाल रेघ मात्र राहिली. पुन्हा पुसली. राहिलीच.

शिखाला त्यांनी तसंच पाठवलं, माझ्यावाचून, आणि मला घेऊन भट्टीवर आल्या. धीरजनं मान खाली घातली. "चूक माझी, काकू. तुमचे जोडलेले हात बघून बोलवलं नाही."

"माझीच रे. माईनं दाखवलं, नाहीतर..."

त्यानं चिरेपाशी मला कापून टाकलं. उरले ती वीतभर. आज पुन्हा लाल होऊन सांडशीत अडकलेय. समोर तीच कॅन, सकाळपासून तुळशीजवळ उन्हात ठेवलेली. लेकीच्या न्हाणाचं पाणी बघावं तसं ताई त्यात बोट घालून बघताहेत.

बायांनो, नेम जरूर धरा. पण पाण्यात बोट तेवढं घालून बघत जा.

"घाल आता," ताई म्हणाल्या.

येते मी. शिखा वाट बघत असेल.