पाचच्या आत एक वाक्य

दिल्लीच्या कॉलेजात जागा पक्की करायची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती आणि पुण्याची मुलाखत त्याच दिवशी तीन वाजता. म्हणजे आयुष्याचा निकाल लावायला मला मधे जेमतेम दोन तास मिळणार होते, आणि त्यातला अर्धा तास आई ‘चहा टाकू का’ विचारण्यात घालवणार हे ठरलेलं होतं.

प्रश्न स्पीच थेरपीच्या मास्टर्सचा होता. बॅचलर्स मी इथे लखनौलाच केलं. दिल्लीला प्रवेश परीक्षेच्या गुणांवर जागा मिळाली होती. ना मुलाखत, ना कुणी काही विचारणार. मोठं हॉस्पिटल, भारी यंत्रं, रात्री गाडीत बसलं की सकाळी घरी. पुण्याचं कॉलेज त्यापुढे अगदीच लहान, पण तिथे अडखळत बोलणाऱ्यांसाठी वेगळं क्लिनिक होतं आणि विद्यार्थ्यांना दोन वर्षं त्याच पेशंटबरोबर काम करायला मिळायचं. मला तेच हवं होतं. फक्त त्यांच्या ईमेलमध्ये ठळक अक्षरांत एक ओळ होती: ‘मुलाखत पूर्णपणे मराठीत होईल.’ ती ओळ मी दिवसातून दहादा उघडून वाचत होते.

“मराठीत तर मराठीत, त्यात काय?” बाबा म्हणाले. माझे बाबा, प्रसाद दीक्षित, इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींचा अभ्यास करतात. चोवीस वर्षं लखनौत काढून त्यांचं मराठी अजून वाईच्या घाटावरचं आहे. “पण खरं सांगू का जुई, मला वाटतं तुझं मन दिल्लीतच आहे. पुण्याचं तर तू नावही घेत नाहीस.”

नाव घेत नव्हते हे खरं. कारण मला ते घेता येत नव्हतं.

माझं अडखळणं पाचवीत गेलं, असं आमच्या घरात मानतात. आई त्याचं श्रेय ब्राह्मीच्या गोळ्यांना देते, बाबा वयाला. खरी गोष्ट अशी की पाचवीत मला एक युक्ती सापडली. ‘ताट’ अडलं की थाली म्हणायचं. ‘किल्ली’ अडली की चाबी, ‘कपाट’ अडलं की अलमारी. शब्द समोर भिंतीसारखा उभा दिसला की भाषा बदलायची आणि पलीकडे उडी मारायची. इथल्या मराठी घरांतली सगळीच मुलं अशी बोलतात, आईबाप मराठीत विचारतात आणि पोरं हिंदीत उत्तर देतात. त्या घोळक्यात मी कुणाला वेगळी दिसलेच नाही. सुट्टीत नातेवाईक हसायचे, “जुईचं मराठी अगदी लखनवी झालंय हं!” मीही हसायचे. चोराला पोलीस चौकीशेजारी घर मिळावं आणि चौकीनेच त्याच्यावर पहारा ठेवावा, तशी माझी सोय झाली होती.

पण पुण्याला हिंदीतही पुणेच म्हणतात. म्हणून मी ‘उधर’ म्हणायचे. ‘उधर का इंटरव्यू’, ‘उधर का क्लिनिक’. बाबांना वाटलं पोरीला त्या गावात रस नाही. माझ्या हुशारीचं हे फळ.

बॅचलर्सची वर्षंही मी अशीच निभावली. शक्य तिथे श्रवण तपासणीचं काम मागून घ्यायचे. पेशंटला हेडफोन लावायचे आणि ‘आवाज आई तो बटन दबाइए’ एवढं म्हणायचं, यात कोण अडखळतं? मग शेवटच्या सहामाहीत सौरभ आला. अठ्ठावीस वर्षांचा, बँकेत नोकरीला, काउंटरवर बसायला लागू नये म्हणून सतत मागच्या खोलीतलं काम मागणारा. मी त्याला पुस्तकातलं सगळं सांगितलं: लपवू नका, समोरच्याला स्पष्ट सांगा, लपवल्याने भीती वाढते. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मैम, आप न-न-नहीं समझेंगी. आप तो फर्राटे से बोलती हैं.”

तो पुन्हा आला नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तीन दिवस जेवण गेलं नाही. पुण्याचा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला.

तीनला पाच कमी असताना मी माझ्या खोलीत लॅपटॉपपुढे बसले. आईने कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ चढवलीच नव्हती. बाबांनी जाहीर केलं, “नेटवर्क माझ्याकडे लागलं,” आणि ते हॉलमध्ये माझ्या दारालगतच्या राऊटरशेजारी वेताचं स्टूल टाकून बसले. मी दार लावून घेतलं.

समोर दोघं होते. क्लिनिकच्या प्रमुख पद्मिनी मॅडम, पांढरे केस, चष्मा दोरीला लावलेला, आणि सत्यजित सर, ते टिपणं घेत होते. पहिली दहा मिनिटं बरी गेली. विषयाचे बरेच शब्द इंग्रजीच असतात, त्यामुळे उड्या मारायला जागा होती, आणि अडलंच तर हिंदी होतंच. मग मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“आता असं समजा, मी मंचरहून आलेय. माझी चार वर्षांची मुलगी अडखळते. सासू म्हणते हिला कुणाचीतरी दृष्ट लागली. तुम्ही मला समजावून सांगा. साध्या घरगुती मराठीत, आणि हिंदी शब्द एकही नको. मघापासून तुमचे बरेच येतायत.”

त्या सहज बोलल्या. मला मात्र कुणीतरी पायाखालची शिडी काढून घेतल्यासारखं वाटलं.

“तुमच्या मुलीला” असं मी म्हणणार होते. जीभ दातांमागे टेकली आणि तिथेच राहिली. आवाज नाही, हवा नाही, काहीच नाही. असा शब्द अडला की काही जणांचे डोळे मिटतात, मान झटकते. मी आरशापुढे उभं राहून तेही घालवलंय. माझा चेहरा तेव्हा हलतसुद्धा नाही. आत छाती फुटायला आलेली असते आणि बाहेरून मी फोटोसारखी दिसते.

“हॅलो? जुई?” सत्यजित सर पडद्याजवळ वाकले. “ऐकू येतंय का?”

“चित्र अडकलंय वाटतं,” मॅडम म्हणाल्या.

हे दाराबाहेर बाबांनीही ऐकलं. मिनिटभर लेकीचा आवाज नाही, पलीकडचे ‘हॅलो हॅलो’ करतायत, म्हणजे काय झालं असेल? कर्तव्यदक्ष माणसाने राऊटरची पिन खेचली.

पडदा काळा झाला. मी खुर्चीतच थिजले. बाहेरून विजयी आवाज आला, “रीस्टार्ट केलाय गं! आता पळेल बघ!” तो राऊटर उचलून गच्चीवरून खाली टाकावा असं मला वाटलं, आणि पाठोपाठ रडायला आलं. बिचाऱ्यांची काय चूक? मुलगी बोलायची थांबली तर यंत्र बिघडलं असणार, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास होता. तो विश्वास मीच बारा वर्षं खतपाणी घालून वाढवला होता.

चार मिनिटांनी जोडणी परत आली.

“नेटवर्क गेलं होतं ना?” पद्मिनी मॅडम समजुतीने म्हणाल्या. “होतं असं. हवं तर हा प्रश्न सोडू, दुसरा घेऊ.”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तेही नको, मान हलवली तरी भागलं असतं. पण मग मी तिथे जाऊन दोन वर्षं करणार काय? अडखळणाऱ्या माणसांपुढे बसून त्यांना ‘लपवू नका’ सांगणार?

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “न-न-नेटवर्क नंतर गेलं. आधी मी थांबले होते. मी अ… अडखळते.”

 मी तोच प्रश्न पुन्हा घेतला. मंचरच्या आईला जे दोन मिनिटांत सांगून झालं असतं त्याला मला नऊ मिनिटं लागली. ‘तुमच्या’वर मी तीनदा पडले. ‘दृष्ट’ला तर घाम फुटला. पण एकही उडी मारली नाही.

“किती वर्षं लपवलंत?” मॅडमनी विचारलं.

“बारा.”

“घरी माहीत आहे?”

मी दाराकडे पाहिलं. “नाही.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं आता कौतुकाचे दोन शब्द येतील. ते काही आले नाहीत. “यादी उद्या सकाळी अकराला लागेल,” त्या म्हणाल्या. “जागा सहा आहेत आणि मुलाखती एकोणतीस. आज मी काही सांगू शकत नाही.”

दिल्लीची मुदत आज पाचपर्यंत आहे, तिथे जागा पक्की केली की दुसरीकडे जाता येत नाही, हे मी कसंबसं सांगितलं.

“मग तुम्हालाच ठरवावं लागेल. तुमच्या वतीने मी नाही ठरवणार,” त्या म्हणाल्या आणि पडदा बंद झाला.

मी बाहेर आले तेव्हा सव्वाचार झाले होते. आईने बाबांना दारापासून उठवून टेबलाशी बसवलं होतं, त्यामुळे नंतरचं दोघांनीही ऐकलं नव्हतं. आई मलिहाबादहून आलेले शेवटचे दशहरी आंबे कापत होती.

“कशी झाली गं?”

“ठीक.” सवयच ती.

बाबांनी दिल्लीचं पान उघडून ठेवलं होतं. पुण्याचा सोडला तर माझे सगळे फॉर्म तेच भरतात. फोनही तेच करतात, अमीनाबादच्या बाजारात कापड घ्यायला गेलो तर भावही आईच विचारते. मी कधी मागितलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नव्हतं.

“हे बघ,” बाबा म्हणाले, “उद्याची वाट बघायची आणि यादीत नाव आलं नाही तर? दोन्ही जागा गेल्या. वर्ष वाया. हातची सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं? दिल्ली चांगली आहे, बेटा.”

त्यांचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. त्याचाच राग येत होता. मी त्यांच्या बाजूला टेबलाची कड धरून उभी राहिले. पुण्याच्या मुलाखतीत मी खरं बोलले होते, पण ती परकी माणसं होती, पडद्यावरची. इथे माझे आईबाप होते आणि ज्यांच्या लेखी मी पाचवीतच बरी झाले होते ते हेच. वीस मिनिटं मी खोलीत फेऱ्या घातल्या, तोंड धुतलं, पुन्हा येऊन तिथेच उभी राहिले. चार वाजून बावन्न मिनिटं झाली.

“करू ना कन्फर्म?” बाबांनी बाण त्या हिरव्या बटणावर नेऊन ठेवला.

“मला,” मी म्हणाले. आणि ओठ मिटले ते मिटलेच.

“पाणी?” आईने लगेच ग्लास पुढे सरकवला.

मी हात केला, नको.

“पटत नाहीये का?” बाबा म्हणाले. “पैशाची काळजी आहे? परीक्षेबद्दल काही?” ते शब्द शोधून माझ्या तोंडापुढे धरत होते, लहानपणी धरायचे तसेच. त्यातला एखादा उचलला असता तरी सुटका होती. मी तळहात दाखवला. थांबा.

आईच्या हातातली सुरी थांबली. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. आठ वर्षांची जुई तिने ओळखली होती.

“प्रसाद,” ती हळूच म्हणाली, “तिला बोलू दे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे, मग हॉलमधल्या राऊटरकडे. “मघाशी…” ते म्हणाले, “ते नेटवर्क नव्हतं?”

मी मान हलवली. नाही.

“मी पिन काढली तुझी,” बाबा म्हणाले. 

घड्याळात चार सत्तावन्न. जो माणूस गाडीच्या दीड तास आधी चारबाग स्टेशनवर जाऊन बसतो, ज्याने आयुष्यात एकही फॉर्म शेवटच्या दिवशी भरला नाही, त्याने माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. खुर्ची माझ्याकडे वळवली.

“बोल,” ते म्हणाले. “सावकाश. मी थांबलोय.”

मी सुरुवात केली. मधेच श्वास गेला, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. ओठ थरथरायला लागले आणि या वेळी मी ते थरथरू दिले. डोळे मिटले, मान झटकली, बारा वर्षं आवरून धरलेलं सगळं त्या दोघांसमोर झालं. आईने तोंडाला पदर लावला, पण एकही शब्द पुढे केला नाही. बाबांची नजर माझ्यावरून हलली नाही. पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे बदलत होते, ते मला दिसत होते आणि त्यांना नव्हते, कारण ते तिकडे बघतच नव्हते.

“मला प-प-प… पुण्याला जायचंय, बाबा. उद्या नाव आलं नाही तरी. मी प-पुढच्या वर्षी परत बसेन.”

हिरवं बटण करडं झालेलं होतं. त्याखाली मुदत संपल्याची सूचना आली होती. पाच वाजून दोन मिनिटं.

बाबांनी एकदाच त्या सूचनेकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटून बाजूला सारला. मग त्यांनी पायाने समोरची खुर्ची माझ्याकडे ढकलली.

“बस,” ते म्हणाले. “बारा वर्षांचं राहिलंय. आणखी काय काय बोलायचं होतं ते सांग.”

मी बसले आणि सांगायला लागले. आठ वाजेपर्यंत घरात दुसरं कुणी बोललं नाही.